निवळबाबांचा टब

त्या दुपारी कारखान्याच्या घडी-खात्यात कापडाऐवजी माणसांच्या घड्या पडल्या होत्या. तागे भिंतीला रचून मधली जागा मोकळी केली होती आणि तिथे मांडीला मांडी लावून अख्खी वस्ती बसली होती. उशिरा आलेले सरळ ताग्यांच्या थप्पीवर चढले. एरवी त्या थप्पीला कुणाचा ओला हात लागला तरी मालक आकाशपाताळ एक करायचे. आज मालक स्वतःच पहिल्या रांगेत हात जोडून बसले होते.

समोर एक खुर्ची होती. खुर्चीपुढे आरपार दिसणारा प्लास्टिकचा टब आणि टबात कोमट पाणी. पाण्यात एक चपटी चकती सोडलेली. तिची वायर शेजारच्या चौरंगाकडे गेली होती, आणि चौरंगावर काय आहे ते दिसू नये म्हणून त्यावर पांढरीशुभ्र चादर घातली होती. खुर्चीवर आमच्या गल्लीतली शिंपीणबाई पाण्यात पाय सोडून बसली होती, आणि शेजारी निवळबाबा उभे होते.

बाबांनी पाण्यात मूठभर मीठ टाकलं. सिद्ध मीठ. किराणा दुकानातलं मीठ सिद्ध कसं होतं, तर बाबांच्या पिशवीत गेल्यावर.

"तुम्ही रंगारी माणसं," बाबा म्हणाले. "तुम्हाला मी काय सांगू? कापड धुताना पाणी रंगलं, तर रंग कुठून आला?"

"कापडातून!"

"मग इथे पाणी रंगलं, तर मळ कुठून आला?"

"पोटातून!" घडी-खातं गरजलं.

आणि पाणी रंगायला लागलं. आधी चकतीभोवती पिवळसर दोरे सुटले, मग पाणी चहासारखं झालं, मग वर तपकिरी फेस जमला. बायकांनी तोंडाला पदर लावले.

"हे पिवळं ते पित्त," बाबा बोटाने दाखवू लागले. "हा तपकिरी जुना साठा. आणि ही काळी कणी दिसतेय ना? हा मत्सर."

"माझा?" शिंपीणबाई दचकली.

"तुमचा नव्हे बाई, शेजारणीचा. तिने तुमच्या ताटाकडे बघितलं."

शिंपीणबाईने मान वळवून शेजारणीकडे असं काही पाहिलं की ती बिचारी दोन माणसांमागे सरकली. एका मुठीत पित्तही निघालं आणि भांडणही लागलं.

मी दारात उभी होते. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे हसू कसं दाबायचं ते मला चांगलं येतं. पण त्या दिवशी हसू आलंच नाही. शिंपीणबाईनंतर त्या खुर्चीवर माझा दादा बसणार होता.

दादा या कारखान्यात रंगाचा मिस्त्री. रंगाच्या टाकीवर त्याची हुकमत. कापड टाकीत फिरत असतं आणि दादा वाफेची चावी हळूहळू सोडत जातो. पाणी तापेल तसा रंग धाग्यात शिरतो. ही ताप चढायची वेळ मोठी नाजूक. तेव्हा मिस्त्रीने जागा सोडली, वाफ कमी-जास्त झाली, की सगळ्या ताग्यावर ढगांसारखे फिके-गडद डाग उठतात आणि माल बाद. म्हणून कढ चढायला लागला की चावी सोडायची नाही, हा तिथला कायदा.

पण दादाच्या पोटाला हा कायदा मान्य नव्हता. कधी आठवडाभर सगळं सुरळीत असायचं. मग एखाद्या दिवशी नेमका कढ चढत असताना पोटात पीळ पडायचा आणि धावावंच लागायचं. संडास अंगणाच्या पार पलीकडच्या टोकाला. दादा घाम पुसत, दात आवळत उभा राहायचा आणि माल उतरला की सुटायचा. कधी पोचायचा, कधी नाही. त्याच्या पिशवीत कायम एक जादा पँट असायची. कुणी विचारलं तर म्हणायचा, रंग उडतो ना अंगावर.

कामावर त्याने कुणाला खरं सांगितलं नव्हतं. आधी मूतखडा म्हणून सांगायचा, कारण मूतखड्याला समाजात मान आहे. माणसं आपलाही मूतखडा सांगू लागतात, डबीत ठेवलेला दाखवतात. हगवणीला असा मान नाही. मग मालकांचा समज झाला की हा सारखा बिडी ओढायला पळतो. दादाने आयुष्यात बिडी ओढली नव्हती, पण त्याने तोही समज राहू दिला. बिडीबाज म्हटलेलं त्याला चालत होतं.

कामाबाहेर तरी सुटका होती का? बसमध्ये तो दारापाशी उभा राहायचा. लग्नाला गेला तर मांडवाच्या कडेला, जेवणाच्या वेळी गायब. मुलीचं शाळेत नाटक होतं तेव्हा हा बाप अख्खा वेळ फाटकाजवळ होता, आणि तिला वाटलं बाबा आलेच नाहीत. शहरातले संडास त्याला पाठ होते. बँकेतला स्वच्छ, पण शिपाई विचारतो खातं आहे का. वाचनालयातल्याला कडी नाही, दार पायाने धरून बसावं लागतं. असं करत करत त्याचं जग घर, कारखाना आणि या दोन्हींमधला रस्ता एवढंच उरलं. सांगताही येत नाही आणि सहनही होत नाही म्हणतात ते हेच.

शेवटी रक्त पडू लागलं तेव्हा वहिनी त्याला ओढत डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरबाईंनी तपासण्या केल्या आणि सांगितलं, मोठ्या आतड्याला आतून सूज आहे, जखमा आहेत. हा आजार येतो आणि जातो. बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडायच्या नाहीत. दादाने गोळ्या घेतल्या आणि हळूहळू उतार पडला. चेहऱ्यावर रंग आला. नेमके त्याच सुमारास, आपल्या आम्लपित्तावर उपाय शोधत फिरणाऱ्या मालकांना निवळबाबा भेटले, आणि मालकांनी बाबांना कारखान्यातच आणून बसवलं.

पुढचं सांगायलाच नको. गोळ्यांनी पडलेला उतार बाबांच्या टबाच्या नावावर जमा झाला. प्रत्येक खेपेला दादाचं पाणी आधीपेक्षा निवळ निघू लागलं. बाबा मीठ कमी टाकत होते हे कोण बघतंय? पाणी निवळेपर्यंत कापड धुवायचं, हे या माणसांच्या हाडीमाशी खिळलेलं. त्यांना हा हिशेब जन्मापासून पटलेला होता. बाबा म्हणाले, "गोळी म्हणजे पोटाला लावलेला कच्चा रंग. आधी तो उतरवा." दादाने गोळ्या बंद केल्या.

काही दिवस बरे गेले. मग एका सकाळी वहिनी माझ्याकडे आली. ओट्याला टेकून उभी राहिली, बसेना.

"वन्सं, यांना पुन्हा रक्त पडतंय," ती म्हणाली. "मी विचारलं तर म्हणतात, शेवटचा मळ आहे, खरवडून निघतोय. जेवण टाकलंय. मला सांगता येत नाही हो त्यांना. तुम्ही बोला."

मी गेले. दादा दाराकडे पाठ करून बसला होता.

"वहिनीने चहाडी केली वाटतं," तो म्हणाला.

"तुझ्या पट्ट्याने केली. नवं भोक पाडलंयस तू त्याला. दादा, गोळ्या सुरू कर."

"डॉक्टर काय म्हणाली ठाऊक आहे? कदाचित जन्मभर. जन्मभर गोळ्या, छोटे! बाबा म्हणतात, एकदा पाणी निवळलं की सुटलो."

मी त्याच्यासमोर काचेचा पेला ठेवला, मीठ-पाणी केलं, दोन खिळे सोडले आणि शाळेतली बॅटरी जोडली. थोड्या वेळात पाणी पिवळं, मग तपकिरी झालं. मी विजयी मुद्रेने दादाकडे पाहिलं. त्याने पेला उजेडात धरला, फिरवला आणि खाली ठेवला.

"हे खिळ्यांचं पाणी. ते पोटाचं," तो म्हणाला. "एकच छटा दोन वेगळ्या रंगांतून निघू शकते. हे तू मला शिकवतेस?"

त्याच्या कामातलं त्याचं म्हणणं खरंच होतं. पुढच्या बैठकीत मी भर सभेत बाबांना विचारलं की पाय न बुडवता यंत्र चालवून दाखवाल का. बाबा गोड हसले. "मास्तरीणबाई, आजारी नसताना तुम्ही दवाखान्यात जाता का?" सगळे खो खो हसले, सगळ्यात मोठ्याने मालक. दादा हसला नाही, पण तो माझ्याकडे बघेना. मी जास्त ताणलं तर तो माझं तोंड बघणं बंद करेल, आणि सोडलं तर तो हातचा जाईल. माझीही धरलं तर चावतं अशी गत झाली होती.

आणि आता, बाबांच्या चेल्याने टबातलं पाणी बदलल्यावर, तो खुर्चीवर बसत होता. शर्ट खांद्यांवरून लोंबत होता.

"या भाविकाचं पाणी निवळत आलं होतं," बाबा सभेला म्हणाले. "पण याने मनात शंका आणली. मूळ आत राहून गेलं. आज मूळ उपटायचं!" त्यांनी मीठ टाकलं, एक मूठ, आणखी एक मूठ. चादरीखाली हात घालून काहीतरी दाबलं. "पाणी काळं होईपर्यंत पाय बाहेर काढायचे नाहीत. काढले तर विष उलटं चढेल, थेट काळजापर्यंत. मग मला बोल लावायचा नाही."

दादाने पाय सोडले. पाण्यात पिवळे दोरे सुटले. लोक पाण्याकडे बघत होते, मी दादाच्या तोंडाकडे. त्याच्या वरच्या ओठावर घाम फुटला. त्याने खुर्चीचे हात घट्ट धरले. ते तोंड मला लहानपणापासून ठाऊक होतं. मला कळलं. सगळा कारखाना समोर बसलेला, मालक हातभर अंतरावर, आणि पाय पाण्यात अडकलेले.

"बाबा," दादा हळूच म्हणाला, "जरा जायचंय."

"सोसा! मूळ हलतंय!"

"बाबा, खरंच..."

"उठलात तर मेलात!"

दादा उठला. पाणी उसळलं, पुढच्या रांगेतल्यांच्या अंगावर उडालं. तो अनवाणी, ओल्या पायांनी माणसांच्या गुडघ्यांवरून, मांड्यांवरून तुडवत दाराबाहेर धावला. अंगणातून त्याच्या धावण्याचा आवाज आला. मग पलीकडचं दार आपटलं. थप्पीवर कुणीतरी फिसकन हसलं. त्या हसणाऱ्याला मी आजही ओळख देत नाही.

बाबांनी दुःखाने डोळे मिटले. "श्रद्धा कमी पडली," ते म्हणाले, आणि श्रद्धेवर बोलू लागले. बोलण्याच्या नादात चादरीखालचं बटण बंद करायचं राहिलं. ऐकणारे होते रंगारी. त्यांची नजर सवयीने माणसावरून पाण्यावर जाते.

"अगं बाई," घडी घालणारी म्हातारी मावशी थप्पीवरून म्हणाली, "रंग चढतोच आहे की!"

खरंच चढत होता. टबात पाय नव्हते आणि पाणी पिवळ्याचं तपकिरी होत चाललं होतं. फेस जमत होता. सगळ्या माना लांब झाल्या. बाबांनी एक डोळा उघडला, टब पाहिला आणि शाबास त्या माणसाची, क्षणही वाया घालवला नाही.

"बघा, बघा!" ते ओरडले. "माणूस पळाला, पण विष थांबायला तयार नाही! तो संडासात आहे आणि मूळ इथे उतरतंय! कुठेही असू दे, त्याची नाळ या पाण्याशी जुळली!"

अर्ध्या सभेने हात जोडले. तुम्हाला खोटं वाटेल, पण जोडले. चोराच्या उलट्या बोंबा मी पुष्कळ ऐकल्या होत्या, पण संडासापर्यंत पोचणारी नाळ पहिल्यांदाच ऐकली. माझं डोकं फिरलं. मी माणसांतून वाट काढत पुढे गेले आणि चौरंगावरची चादर ओढली. खाली डबा, बटण आणि दिवा. तीच चादर टबात बुचकळली, पिळली आणि डाग पडलेलं टोक मालकांच्या हातात दिलं.

"मालक, हा कसला डाग ते सांगा."

मला उत्तर काय येईल ते माहीत नव्हतं. मालकांनी ते टोक घेतलं. हात सवयीने पुढे झाला असावा, कारण त्यांचं लक्ष बाबांकडेच होतं. त्यांनी कापड अंगठ्याने चोळलं, उजेडाला धरलं, पुन्हा चोळलं आणि त्यांच्या कपाळाची शीर फुगली.

"लोखंडाची बादली कुणी वापरली रे?" मालक कडाडले. "शंभरदा सांगितलंय, पांढऱ्या मालाजवळ लोखंड आणायचं नाही! हा गंजाचा डाग जन्मात निघत नाही! कुठाय तो..."

आणि ते थांबले. त्यांनी हातातल्या चादरीकडे पाहिलं, टबाकडे पाहिलं, मग बाबांकडे. त्या खात्यात गंजाचा डाग ओळखता येत नाही असं एकही माणूस नव्हतं. पण पोटातली घाण म्हणून त्या पाण्यात आजवर कुणी बोट घातलं नव्हतं, आणि बाबांचा चेला प्रत्येकाचं पाणी लगबगीने मोरीत ओतून यायचा.

"शरीरातही लोखंड असतं!" बाबा म्हणाले. हुशार माणूस, हे मी नाकारत नाही. "रक्तात असतं. विचारा तुमच्या मास्तरणीला!"

"असतं," मी म्हणाले. "सगळ्या अंगात मिळून एखाद्या लहानशा खिळ्याएवढं. तेवढं पायांतून निघून गेलं असतं तर ही शिंपीणबाई इथून चालत गेली नसती, उचलून न्यावी लागली असती."

मालक उठले. त्यांचंही पाणी कित्येक आठवडे काळं निघत होतं आणि त्यांनी ते बायकोला बोलावून दाखवलं होतं. "पाणी बदला," ते म्हणाले. "मीठ टाका. पाय कुणीही घालायचे नाहीत."

"मालक, यंत्राचा अपमान..."

"बसा खाली."

पाणी बदललं. मीठ पडलं, बटण दाबलं. पिवळं झालं, तपकिरी झालं, फेस आला. काळी कणीसुद्धा आली. "हा कुणाचा मत्सर हो?" शिंपीणबाईने विचारलं आणि मग जो हशा उठला तो बराच वेळ चालला. मी चकती वर काढून फिरवली. आत लोखंडाच्या पट्ट्या होत्या, कडांनी खाल्लेल्या. मी सांगितलं की खाऱ्या पाण्यातून वीज गेली की पट्टीतलं लोखंड सुटून पाण्यात येतं आणि गंजतं. मीठ जास्त तर वीज जास्त, गंज जास्त. मीठ कमी टाका, पाणी निवळ. तुमचा आजार बाबांच्या मुठीत होता तो असा.

बाबा टब तिथेच टाकून मागच्या फाटकाने निघून गेले. पण माझं लक्ष दाराकडे होतं. दादा तिथे उभा होता. पँटची टोकं ओली, पाय धुळीने माखलेले. कुणाचेही पाय नसलेलं ते तपकिरी पाणी तो बघत होता. मग तो वळला आणि अंगणातल्या नळाच्या कट्ट्यावर जाऊन बसला.

मी शेजारी बसले. मला वाटलं होतं तो म्हणेल, छोटे, तू खरी ठरलीस.

"तू खरी ठरलीस," तो म्हणाला. "मग? मला काय मिळालं? तिथे निदान कधीतरी पाणी निवळणार होतं. आता काय आहे माझ्याकडे? पुन्हा तेच पोट."

त्याचं पोट मी बरं करू शकत नव्हते. "मला भीती वाटते दादा," मी म्हणाले. "तू मरशील अशी. डॉक्टरबाई कदाचित तुला कायमचं बरं करू शकणार नाहीत. पण त्या तसं तोंडावर सांगतात तरी. आणि गोळ्यांनी रक्त थांबलं होतं, हे तू स्वतः पाहिलंस." मला रडू आलं. त्याने माझ्या पाठीवर ओला हात ठेवला.

तेवढ्यात मालक आले. आपली फजिती कुणावर काढावी हे त्यांना कळत नव्हतं. "आणि तू," ते दादाला म्हणाले, "भर सभेतून पळालास. बिडीची एवढी तलफ?"

अंगणात निम्मा कारखाना उभा होता. दादाने माझ्याकडे पाहिलं, मग मालकांकडे.

"बिडी नव्हे मालक," तो म्हणाला. आवाज नेहमीपेक्षा मोठा होता. "मी बिडी ओढत नाही. मला संडासला लागते. एकदम लागते, धरवत नाही. आतड्याचा आजार आहे. रक्त पडतं. कढ चढत असताना लागली की मी तिथे उभा राहून मरतो."

कुणी हसलं नाही.

"मग चावीवर दुसरा कुणी लागेल," मालक म्हणाले.

"शिकवावा लागेल."

"शिकव ना. आधी का नाही बोललास?"

दुसऱ्या दिवशी वहिनी आणि मी त्याला डॉक्टरबाईंकडे घेऊन गेलो. त्या रागावल्या, पण गोळ्या दिल्या आणि उपचार वाढवले. रक्त थांबायला वेळ लागला, पण थांबलं. आजार गेला नाही. अजून येतो, जातो. फरक एवढाच की आता कढ चढत असताना पोटात पीळ पडला तर दादा चावी शेजारच्याच्या हातात देतो, "जाऊन येतो रे" म्हणतो आणि चालत जातो.

त्या आठवड्यात माझ्या दारात एकेक जण यायला लागला. इकडचं तिकडचं बोलायचा आणि निघताना डॉक्टरबाईंचा पत्ता विचारायचा. शिंपीणबाई आली, घडीवाली मावशी आली, मालकांनी तर ड्रायव्हरला पाठवलं. इतकी पोटं इतकी वर्षं गप्प होती, आणि प्रत्येकाला वाटत होतं की वस्तीत हा भोग आपल्या एकट्याच्याच वाट्याला आलाय.

तेव्हा वाचकहो, कुणी तुमच्या पोटातलं विष काढून दाखवतो म्हणाला तर भांडू नका. एवढंच म्हणा, आधी माझ्यावाचून काढून दाखवा. आणि पोट बिघडलं असेल तर ते डॉक्टरला सांगा, कामावर सांगा, घरात सांगा. यात लाजण्यासारखं काही नाही. तुमच्या त्या लाजेवरच अशा बाबांची दुकानं चालतात.